शाळेत चित्रकलेचे सर हवेत, आणि पूर्णवेळ हवेत

जूनमध्ये शाळा सुरू झाली की वर्गात वेळापत्रक लागतं. आपल्या मुलाच्या वर्गाचं एकदा नीट वाचून बघा. चित्रकला कुठे आहे? बहुतेक ठिकाणी शेवटच्या तासाला, नाहीतर शनिवारी. आठवीपर्यंत आठवड्याला एखाद-दुसरा तास दिसतो. नववीत तो बऱ्याचदा कागदावरच राहतो. दहावीत त्या तासाला गणित नाहीतर विज्ञान चालू असतं, आणि त्याबद्दल ना मुलं बोलतात ना आपण पालक. आपल्याला बरंच वाटतं, की चला, पोर्शन लवकर संपतोय.

हे मी आमच्या नाशिकमधल्या मनपाच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांबद्दल लिहितोय. मोठ्या फीच्या शाळांमध्ये गिटार आहे, पॉटरी आहे, नाटकाचे सर आहेत. तिथल्या मुलांना शाळेत काही कमी पडलं तर घरचे कॉलेज रोडला क्लास लावून देतात. सिडकोत, सातपूरला, पंचवटीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलाला असा दुसरा दरवाजा नाही. शाळेत जे मिळेल तेवढंच. म्हणून सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक माध्यमिक शाळेत कलेचा पूर्णवेळ शिक्षक असलाच पाहिजे आणि त्याच्या तासाला कुणी हात लावता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

मी कलाकार नाही. अंबडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय डिझाइनचं काम करतो. तरी माझ्या पगाराचा चित्रकलेशी थेट संबंध आहे. चित्रकलेच्या शासकीय इंटरमिजिएट परीक्षेत भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर असतो, त्यात घनभूमिती येते. आमचे चित्रकलेचे सर खडूचा खोका टेबलावर ठेवायचे. समोरून काय दिसतं ते काढा. आता जवळ येऊन वरून बघा, तेही काढा. मग खोका तिरका करायचे आणि पुन्हा काढायला लावायचे. पुढे आयटीआयला ड्रॉइंगचा पहिला शीट आला तेव्हा प्लॅन म्हणजे वरून दिसणारं चित्र, एलेव्हेशन म्हणजे समोरून दिसणारं, लपलेल्या कडेसाठी तुटक रेषा हे सगळं मला ओळखीचं होतं. बाकीची मुलं गोंधळली होती, कारण त्यांच्या शाळेत तो खोका कुणी टेबलावर ठेवलाच नव्हता.

आज आमच्याकडे ट्रेनी येतात. हुशार मुलं आहेत. कॉम्प्युटरवर पार्ट गरागरा फिरवून दाखवतात. पण मशीनपाशी उभं राहून, हातात पेन्सिल देऊन म्हटलं की या जॉबचा साधा स्केच काढून दाखव, की हात थांबतो. डोळ्यांना दिसलेलं कागदावर उतरवायची सवयच नाही. ही सवय बारा-तेरा वर्षांच्या वयात लागते, आणि तेव्हा शिकवायला समोर माणूस लागतो. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींना कुशल मुलं मिळत नाहीत अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. ती करणाऱ्यांनी शाळांच्या वेळापत्रकाकडेही बघावं.

पण कारखान्याला उपयोग होतो एवढ्यासाठीच कला शिकवा, असं मला म्हणायचं नाही. तो कलेचा सगळ्यात लहान फायदा आहे. मोठा कोणता ते सांगतो.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये स्मरणचित्राचा पेपर असतो. भाजीबाजार, बसथांबा, सणाची मिरवणूक असा काहीतरी विषय येतो. समोर काहीच ठेवलेलं नसतं. मुलानं स्वतः पाहिलेलं आठवायचं, त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते ठरवायचं. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात दर आठवड्याला आईसोबत पाटी घेऊन बसणारी मुलगी हा विषय काढते, तेव्हा तिला ताडपत्रीची सावली कुठे पडते ते ठाऊक असतं. तराजू कुठल्या हातात असतो, गिऱ्हाईक वाकून बघतं की उभ्यानंच भाव विचारतं, हेही ठाऊक असतं. बाकीचे सगळे विषय त्या मुलीला विचारतात, की पुस्तकात काय लिहिलंय ते सांग. तू काय पाहिलंस, असं विचारणारा हा एकच पेपर आहे.

आणि त्याचंही आपण काय करून ठेवलंय ते चित्रकलेच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. मुलांकडून ठरलेल्या मानवाकृती घोटून घेतल्या जातात. एक उभा माणूस, एक टोपलीवाली बाई, एक पाठमोरा मुलगा. विषय कुठलाही येवो, त्याच तिघांना तिथे नेऊन उभं करायचं. बाजारात तेच, जत्रेत तेच, रेल्वे स्टेशनवर तेच. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण वाढतात, ब ला 5 आणि क ला 3. ते गुण हाती लागेपर्यंत चित्रकला चालते, नंतर रंगांची पेटी माळ्यावर जाते.

मी या वाढीव गुणांच्या विरोधात नाही. उलट त्या गुणांमुळेच कित्येक घरांत रंग विकत घेतले गेले. ज्या बापाला चित्रं काढणं म्हणजे वेळ घालवणं वाटतं, तोही 7 गुणांसाठी पोस्टर कलरचे पैसे देतो आणि मुलीला परीक्षेच्या केंद्रावर सोडायला येतो. हे कमी नाही. पुढे शास्त्रीय गायन, वादन, नृत्य आणि लोककला यांनाही गुणांची सवलत मिळाली, तेही चांगलंच झालं. पण शाळेत शिकवायला माणूस नसेल तर ही सवलत कुणाच्या पदरात पडते? ज्यांच्या घरी तबल्याचा क्लास परवडतो त्यांच्या. सरकारी गुण आणि खासगी शिकवणी अशी ही जोडी झाली आहे, आणि गरिबाचं पोर दोन्हीकडून बाहेर राहतं.

आता स्नेहसंमेलनाबद्दल. आमच्या परिसरातल्या एका शाळेचं गॅदरिंग मी दरवर्षी बघतो, शाळेचं नाव घेत नाही. बाहेरून कोरिओग्राफर येतो, रेकॉर्डेड गाण्यांवर नाच बसवतो, ड्रेस भाड्यानं आणतात आणि त्याचे पैसे पालकांकडून घेतात. ज्याच्या घरून पैसे आले नाहीत तो मुलगा खाली सतरंजीवर. स्टेजवर वर्षानुवर्षं तेच चेहरे. मुलं नाचतात ते छानच असतं, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्या सगळ्या तयारीत एकाही मुलाला कुणी असं विचारलेलं नसतं, की तुझ्या मनात एखादी गोष्ट आहे का, आपण तिचं नाटक करू या का? ज्या गावात वि. वा. शिरवाडकर आणि वसंत कानेटकर एकाच काळात राहत होते आणि नाटकं लिहीत होते, त्या गावात हे चालतं. सरकारी शाळांतल्या कितीतरी मुलांनी शहरातलं नाट्यगृह, कालिदास कलामंदिर, आतून पाहिलेलंसुद्धा नाही.

आणि ज्याच्या हातात ताल आहे तो मुलगा गणपतीत ढोल पथकात असतोच. अख्खा नाशिक ढोल त्याच्या मनगटात असतो. शाळेत मात्र तो मागच्या बाकावरचा, बाकं बडवणारा कार्टा. त्याला ताल मोजायला शिकवणारं कुणी भेटलं असतं तर अपूर्णांकही त्याला वेगळ्या वाटेनं कळले असते, असं मला मनापासून वाटतं.

नियम काय सांगतात ते मी बसून वाचलं. 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कला हा दहावीपर्यंत सक्तीचा विषय असावा असं म्हटलं आहे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात भिंत नको असं लिहिलं आहे. वाचायला छान वाटतं. मग 2009चा शिक्षण हक्क कायदा उघडा आणि शेवटचं परिशिष्ट बघा. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे निदेशक द्यायचे, पण तेही अंशकालीन, आणि पटावर 100 पेक्षा जास्त मुलं असतील तरच. म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाण्याच्या एखाद्या पाड्याजवळच्या शाळेत 70 मुलं असतील तर त्यांना कलेचा निदेशक कायद्यानंच मिळत नाही. आणि नववी-दहावी तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. नववी-दहावीसाठी 'स्व-विकास व कलारसास्वाद' असा श्रेणीचा विषय आणला, पण विषयाला पुस्तक देणं सोपं असतं. पद देणं अवघड असतं, कारण त्याला दर महिन्याला पगार द्यावा लागतो.

माझा खरा राग या 'अंशकालीन' शब्दावर आहे. आज या शाळेत, उद्या त्या शाळेत, करार संपला की घरी. अशा माणसानं मुलाची वही ओळखायची कधी? पाचवीत नुसती रेघोट्या मारणारी मुलगी आठवीत अचानक स्थिरचित्रातला तांब्या असा काढते की त्याची कल्हई दिसावी. हे ज्यानं तिला तीन वर्षं पाहिलंय त्यालाच कळतं. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून बसलेली कितीतरी मुलं आज फ्लेक्सच्या दुकानात आहेत, लग्नाचे स्टेज रंगवताहेत. शिकलेला शिक्षक आहे, मुलं आहेत, तास आहे. मध्ये फक्त मंजूर पद नाही.

सर्वात पेचाचं वाटतं ते पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागात. तिथे बोहाडा आहे. रात्रभर सांबळाच्या तालावर देवादिकांची सोंगं नाचतात, मुखवटे करणारी आणि नाचवणारी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. तिथल्या मुलाला मुखवट्याचं वजन मानेवर कसं पेलायचं ते माहीत असतं. तोच मुलगा शाळेत आला की त्याला 'कलेचा अनुभव नाही' असं धरून पानफुलांची नक्षी काढायला देतात. मुखवटा करणाऱ्या आजोबांना मानधन देऊन वर्गात बोलावलं तर काय बिघडेल? पदवी त्यांच्याकडे नाही, विद्या आहे.

नाशिकची कलापरंपरा सांगताना आपण दादासाहेब फाळक्यांचं नाव आधी घेतो. 1870 साली त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा माणूस 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकला. चित्रकला, छायाचित्रण, छपाई हे सगळं त्यांनी शिकून घेतलं आणि मग 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' झाला. त्यांना शिकवणाऱ्या संस्था होत्या, आणि वडील मुंबईच्या कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाल्यामुळे कुटुंब त्या संस्थांजवळ पोचलं. त्र्यंबकमध्येच राहिले असते तर? पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर पुढे पंचवटीत येऊन राहिले. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. घराण्याच्या बंद दारामागचं गाणं शाळेसारखं, वर्गात बसवून, कुणालाही शिकवता येतं हे त्यांनी दाखवून दिलं. त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. आज पंचवटीतल्या किती सरकारी शाळांत सुरात लावलेली पेटी आहे, आणि ती वाजवणारं कुणी आहे?

यावर मला हमखास एक उत्तर मिळतं. सातवीच्या मुलाला धड वाचता येत नाही, वजाबाकी येत नाही, आणि तुम्हाला चित्रकला सुचते? हे उत्तर देणाऱ्यांची तळमळ खरी आहे, म्हणून त्याला उत्तर देतो. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला नाटकात चार वाक्यांची भूमिका द्या. ती वाक्यं तो पन्नास वेळा वाचेल, कारण त्याला ती सगळ्यांसमोर म्हणायची आहेत. धड्याचा परिच्छेद तो दोनदाही वाचत नाही. शिवाय कलेचे तास कापून गणित सुधारतं असा अनुभव मला तरी कुठल्या शाळेत दिसलेला नाही. तास कितीतरी वर्षं कापले जाताहेत, आणि वजाबाकीची तक्रार आहे तिथेच आहे.

पैसे नाहीत असंही म्हणतात. मग निदान सुरुवात करा. जवळजवळच्या तीन-चार शाळांना मिळून एक पूर्णवेळ चित्रकला शिक्षक आणि एक संगीत किंवा नाट्य शिक्षक द्या. पण कायम पदावर द्या, आणि त्यांना निवडणुकीच्या याद्या आणि सर्वेक्षणं करायला पाठवू नका. रंग आणि कागद शाळेनं द्यावेत, जशी पुस्तकं देतात तसे. कालिदास कलामंदिराच्या सकाळच्या रिकाम्या वेळा मनपाच्या शाळांना फुकट द्या. 2027च्या सिंहस्थासाठी शहरातल्या भिंती रंगतीलच, त्यातल्या काही शाळांच्या मुलांना द्या, आणि काय काढायचं ते त्यांनाच ठरवू द्या. चित्रकार शिवाजी तुप्यांनी गोदाघाट जलरंगात इतका पाहिला. आजच्या मुलांना तोच घाट कसा दिसतो ते कळू दे आपल्याला.

आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत मी तीन प्रश्न लेखी देणार आहे. चित्रकलेचे तास प्रत्यक्षात किती झाले? शिक्षकाचं पद मंजूर आहे का, नसेल तर मागणी कधी पाठवली? आणि नववी-दहावीच्या वर्गांचे हे तास दुसऱ्या विषयाला कुणाच्या परवानगीनं दिले? तोंडी विचारलं तर हसून सोडून देतात, म्हणून लेखी देतोय आणि पोचपावती घेणार आहे. तुमची मुलं सरकारी किंवा अनुदानित शाळेत असतील तर तुम्हीही द्या. कुणाला मसुदा हवा असेल तर खाली सांगा, मी पाठवतो.