रस्ता आहे, पण जायचे कुठे?

गाड्यांच्या शर्यतीत गाडी नेमकी कुठे जाते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ती जिथून निघते तिथेच परत येते, ठरलेल्या फेऱ्या पूर्ण करते आणि आधी पोहोचलेला उरलेल्यांना चिडवतो, एवढ्या सरळ तत्त्वावर मारिओ कार्ट ही व्हिडिओ गेमची मालिका १९९२ पासून चालत आली आहे. २०१७ साली आलेल्या ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’च्या तीन फेऱ्यांत आमच्या पुण्यातील घराच्या कित्येक सुट्ट्या अत्यंत समाधानाने वाया गेल्या. पुढे ५ जून २०२५ रोजी निन्टेंडो या जपानी कंपनीचा स्विच २ हा नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र, आणि त्याच्यासोबत ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा खेळ बाजारात आला. या खेळाने सगळे मार्ग एकाच अखंड मुलखात मांडले आणि मधल्या शेतांतून, समुद्रावरून, बर्फातून आणि शहरांतून मोकाट हिंडण्याची मुभा देऊन टाकली. तेव्हापासून मी खूश आहे की वैतागलेला, हे मला नीट सांगता आलेले नाही.

निन्टेंडो आपला माल भारतात अधिकृतपणे विकत नसल्यामुळे हा कन्सोल आमच्याकडे मेव्हण्याच्या बॅगेतून न्यू जर्सीहून आला. तिकडे खेळासकट त्याची किंमत ४९९.९९ डॉलर होती आणि नुसता खेळ घेतला असता तरी ७९.९९ डॉलर पडले असते. या आकड्याला रुपयांनी गुणून आमच्या आईने जो चेहरा केला, तो पाहून मेव्हण्याने हिशेब पुढच्या भेटीवर ढकलला आणि तूर्तास भाजणी, मेतकूट व लिंबाच्या लोणच्याची बरणी यांवर समाधान मानले.

आधीच्या खेळात बारा गाड्या असत, इथे चोवीस आहेत. दुप्पट गाड्या म्हणजे दुप्पट मजा, असे ज्याला वाटते त्याने गणपतीच्या आधीच्या रविवारी तुळशीबागेत एकदा पिशवी घेऊन शिरून पाहावे. मारिओ कार्टचा न्याय असा की जो मागे पडतो त्याच्या हाती भारी शस्त्रे लागतात, आणि मागे पडलेले वीस-बावीस जण असले की त्यांच्या सामुदायिक असंतोषाचे लक्ष्य पुढच्या दोघातिघांनाच व्हावे लागते. मी तिसऱ्या क्रमांकावर आहे, शेवटचे वळण समोर आहे, हातात केळ्याची साल तयार आहे. इतक्यात मागून कोणीतरी फेकलेले कासवाचे लाल कवच येऊन आदळते, मी उठून उभा राहतो तोच दुसरे येते, मग आकाशातून वीज पडून माझी गाडी काडेपेटीएवढी होते आणि त्या अवस्थेत कोणीतरी मला चिरडून पुढे जाते. मी डोळे उघडतो तेव्हा सतरावा असतो. एवढे होऊनही ज्याने हे केले तो मला दिसलेला नसतो, कारण गर्दीत गुन्हेगार सापडत नाही.

या गर्दीत एक गायही आहे. खेळाच्या निर्मात्यांनी सांगितले आहे की एका चित्रकाराने गंमत म्हणून गाडी चालवणारी गाय रेखाटली आणि ती सगळ्यांना आवडल्यामुळे शर्यतीत आली. आमच्या भागात गाय रस्त्याच्या मधोमध बसते आणि वाहतुकीने तिला वळसा घालावा अशी तिची अपेक्षा असते. तीच गाय आता मला उजवीकडून ओव्हरटेक करते, हे पचायला थोडा वेळ गेला. आईने मात्र पहिल्या दिवसापासून तिलाच निवडले असून दुसऱ्या कोणाला ती हात लावत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो, तो म्हणजे ते मोकळे जग. एवढा मुलूख उभारला तर त्याची पाटी ठळक असावी, ही माझी अपेक्षा. परंतु मुक्त भटकंतीचे दार मुख्य यादीतल्या खेळप्रकारांत नसून पडद्याच्या कोपऱ्यात अधिकच्या चिन्हाआड लपलेले आहे. आत गेल्यावर मात्र तक्रार विसरायला होते. दिवस कलतो, पाऊस येतो, समुद्रावर गाडीची जलस्कूटर होते आणि लाटेवरून उडी मारता येते. संगीत तर इतके सुरेख आहे की मी एकदा काहीही न करता नुसता किनाऱ्याने जात राहिलो. तेव्हा आठवीतल्या लेकीने विचारले, “बाबा, तू नक्की करतोयस काय?”

“फिरतोय.”

“कुठे?”

इथे माझी अडचण झाली. कारण फिरायला जागा भरपूर आहे, पण गाठायला काही नाही. डोंगरावर चढलो तर डोंगर असतो, शहरात शिरलो तर इमारती असतात, आणि रस्त्यावरचे ट्रक इतक्या शिस्तीत चाललेले असतात की पुणेकराला त्यांच्याशी भांडायलाही निमित्त मिळत नाही. मग मी विजेच्या तारांवर गाडी चढवली. या खेळात तारांवरून आणि कठड्यांवरून घसरत जाण्याची सोय आहे. आई मागे शेंगा सोलत बसली होती, ती ताडकन म्हणाली, “अरे, तारेला हात लावू नकोस, चालू असेल!” त्या निर्जीव जगाला त्या क्षणी थोडा जीव आला, पण तो आईने आणला होता.

काम म्हणून निळी बटणे विखुरली आहेत. ती शोधायची आपणच. बटणावर गाडी घातली की घड्याळ सुरू होते, आणि ठरलेल्या वेळेत छपरांवरून, भिंतींवरून, तारांवरून उड्या मारत नाणी गोळा करावी लागतात. घशाला कोरड पडेपर्यंत ही कसरत केल्यावर बक्षीस काय, तर गाडीला लावायचे एक स्टिकर. बरे, हे हाल वाटून घ्यायचे म्हटले, तर एकाच टीव्हीवर दोघांनी मिळून भटकण्याची सोय नाही. एकाने फिरायचे आणि बाकीच्यांनी त्याला डावे-उजवे सांगायचे, हा आमच्या कौटुंबिक सहलींचा प्रकार इथेही चुकलेला नाही.

ग्रां प्री, म्हणजे ओळीने होणाऱ्या शर्यतींची स्पर्धा, तिच्यात तर या जगाचा भुर्दंड शर्यतीला बसतो. पहिली शर्यत पूर्ण फेऱ्यांची होते. त्यानंतर मात्र एका मार्गावरून दुसऱ्या मार्गापर्यंत लांबलचक, बहुतांशी सरळ रस्त्याने धावायचे आणि तिथे पोहोचून जेमतेम एक फेरी मारायची. ज्या मार्गाचे चित्र बघून मन हरखते, त्यात आपण शिरतो आणि लगेच सामान आवरावे लागते. हे दुःख माझे एकट्याचे नाही. ऑनलाइन खेळणाऱ्या मंडळींनी तीन फेऱ्या मिळवण्यासाठी मार्ग निवडताना ‘कोणताही’ हा पर्याय निवडण्याची युक्ती काढली होती. जून २०२५ मधल्या एका अपडेटने ती वाट अडवल्यावर जगभर बोंब झाली आणि पुढच्या अपडेटमध्ये फेऱ्यांचे मार्ग पुन्हा थोडे अधिक वाट्याला येऊ लागले. अख्खे जग आंदण दिलेल्या लोकांनी त्याच त्या वर्तुळात फिरू देण्यासाठी भांडावे, याची मला गंमत वाटते, आणि मी त्या भांडणात पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. जुना ‘८ डिलक्स’ नव्या कन्सोलवरही चालतो, हे आम्हाला कळले आहे, आणि मेव्हण्याला ते अद्याप सांगितलेले नाही.

तरीही खेळ विकून टाकावा असे वाटत नाही, याचे कारण नॉकआउट टूर हा खेळप्रकार. मुलखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता धावायचे आणि प्रत्येक टप्प्यावर शेवटच्या चौघांनी बाहेर पडायचे. चोवीसाचे वीस, विसाचे सोळा, असे करत अखेरीस चारच उरतात. जो सरळ रस्ता एरवी जांभया आणतो, त्याच रस्त्यावर मागे विसावा क्रमांक लुकलुकताना दिसला की पाठीतून घाम निथळतो. हे सगळे विस्तीर्ण जग, माझ्या मते, या एका प्रकारासाठीच बांधलेले असावे.

पडदा दुभंगून आई आणि मी हा प्रकार खेळतो. तिच्यासाठी गाडी आपोआप पळण्याची आणि आपोआप वळण्याची सोय सुरू करून दिलेली आहे, त्यामुळे ती निवांतपणे गाय घेऊन रस्त्याने जाते आणि मी शहाणपणाच्या आडवाटा शोधत दरीत जातो. बाद झालेल्याने उठून चहा टाकायचा, असा नियम तिनेच केला. ती साधारणपणे शेवटी उरणाऱ्या आठांत असते. गवळ्याला अर्धा लिटर दूध जास्त सांगितले आहे.