रक्ताची शपथ आणि कमोडची खुर्ची

गेले दोन गुरुवार आई मंडळात गेली नाही. पहिल्या गुरुवारी म्हणाली, गुडघा दुखतोय. दुसऱ्या गुरुवारी तिने कपाटाची किल्ली समोरच्या काकूंकडे पाठवून दिली, तेव्हा मला शंका आली. गुडघा आठ वर्षांपासून दुखतोय, पण म्हणून किल्ली तिने कधी सोडली नव्हती.

कारण तिच्या फोनमध्ये सापडलं. मोठ्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज. वर तीन लाल दिवे, खाली ‘सावधान! महिला मंडळांच्या आडून अमेरिकेच्या गुप्त सिस्टरहुडचा शिरकाव’. दोन दिवसांत तोच मजकूर आमच्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, आणि एका मैत्रिणीने ‘हे खरं आहे का गं?’ म्हणून वेगळा पाठवला. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, म्हणजे दर वेळी टाइप करायला नको.

आईचं मंडळ म्हणजे नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या साठीच्या आसपासच्या तीसेक बायका. एकीच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत गुरुवारी चार वाजता जमतात. त्या खोलीत वॉकर, व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या असं रुग्णांचं साहित्य ठेवलेलं असतं. अनामत भरा, सामान न्या, पेशंट बरा झाला की परत आणा, अनामत घेऊन जा. रजिस्टर आणि पावतीपुस्तक कपाटात. त्या कपाटाची ती किल्ली.

आता मेसेजचं म्हणणं. इनर व्हील, बीटा सिग्मा फाय आणि पी.ई.ओ. ही एकाच गुप्त संघटनेची तीन नावं आहेत. तिथे ‘रत्नविधी’ करून बाईकडून रक्ताची शपथ घेतात, आणि आपल्या गल्लीतली मंडळं तिच्याच शाखा. बायकांनी असं घराबाहेर जमणं आपल्या संस्कृतीत नव्हतंच. पैसा परदेशातून येतो. वर्गणी म्हणजे साखळी योजना. सेवा नावाला, फोटो गावाला. अशा बायकांची घरं मोडतात, म्हणून ‘घरातल्या स्त्रीचा फोन आठवड्यातून एकदा तपासा’.

रत्नविधीपासून सुरू करते, कारण मला हसू आवरलं नाही ते तिथे.

बीटा सिग्मा फाय ही १९३१ साली अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ॲबिलीन गावी निघालेली बायकांची संघटना. काढली एका पुरुषाने, वॉल्टर रॉस त्याचं नाव. महामंदीचे दिवस होते. तिकडे कॉलेजात मुलींच्या ‘सोरोरिटी’ नावाच्या संघटना असतात, पण ज्या बायका कॉलेजची पायरीच चढल्या नाहीत त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी ही कॉलेजबाहेरची सोरोरिटी. बैठकीला जमायचं, एकीने एखादा विषय वाचून येऊन बाकीच्यांना सांगायचा, गावात काही मदतीचं काम करायचं. सभासदत्वाच्या पायऱ्या ठरलेल्या, आणि त्यातल्या सुरुवातीच्या पायरीचं नाव ‘रिचुअल ऑफ ज्वेल्स’. झालं. कोणीतरी ते नाव वाचलं, शब्दाला शब्द ठेवून ‘रत्नविधी’ केलं, आणि विधी म्हटल्यावर रक्त आलंच पाहिजे! त्या बायकांचं चिन्ह पिवळा गुलाब आहे. उद्या त्यावरून लिंबू-मिरचीची गोष्ट येईल.

मी आईसमोरच तिच्या मैत्रिणीला स्पीकरवर फोन लावला आणि विचारलं, मावशी, तुमच्याकडे रत्नं वाटतात का? त्या म्हणाल्या, “बाप्पा! बारा वर्षं झाली मंडळात येऊन राहिली मी, एक स्टीलचा डबा तेवढा भेटला, तो बी संक्रांतीचा.” आई हसली, पण किल्ली मागितली नाही.

‘एकाच संघटनेची तीन नावं’ हे म्हणणं नकाशा उघडला तरी पडतं. इनर व्हील अमेरिकेत निघालीच नाही. १९२४ साली इंग्लंडात मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग यांनी ती सुरू केली, रोटरी सभासदांच्या बायकांसाठी. तिच्या ज्या चिन्हात मेसेजला ‘मायाचक्र’ दिसलं ते रोटरीच्या दातेरी चाकाच्या आतलं चाक आहे, नाव तिथूनच आलं. आणि वेगळा क्लब का काढावा लागला? कारण रोटरीत बायकांना प्रवेशच नव्हता. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि १९८९ मध्ये रोटरीने नियमातली पुरुषांची अट काढली. म्हणजे ऐंशीहून जास्त वर्षं दार लावून बसले पुरुष, आणि गुप्त म्हणायचं बायकांना.

पी.ई.ओ.च्या बाबतीत मात्र अर्धी गोष्ट खरी आहे, ती मान्य करते. १८६९ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका कॉलेजात सात मुलींनी ती काढली, पुढे ती कॉलेजबाहेरच्या प्रौढ बायकांची झाली. या तीन अक्षरांचा मूळ अर्थ काय, हे सभासदांशिवाय कोणाला सांगत नाहीत, आणि सभासदत्व आमंत्रणावरून मिळतं. आता याला गुप्त म्हणायचं तर म्हणा. पण ही गुप्त संघटना करते काय? मुलींना शिकायला कर्ज आणि शिष्यवृत्त्या देते, आणि मिझुरी राज्यातलं कॉटी कॉलेज १९२७ मध्ये तिच्या मालकीचं झालं. बायकांचं कॉलेज. फारच भयंकर कट.

राहिल्या ‘गल्लीतल्या शाखा’. लॅटिनमध्ये ‘सोरोर’ म्हणजे बहीण. सोरोरिटीला मराठीत शब्द शोधायला गेलात तर भगिनी मंडळ यापलीकडे जाता येणार नाही, आणि भगिनी मंडळाच्या पाट्या आपण लहानपणापासून बघत आलोय. त्यासाठी कॅन्ससहून कोणी यावं लागलं नाही.

आणि इथेच दुसरा मुद्दा येतो, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. ‘आपल्याकडे नव्हतंच.’ हे कोणी कुठे बसून पाठवलं? नागपुरात बसून! काका रोज सीताबर्डीवरून जातात. तिथे मातृसेवा संघ आहे. १९२१ साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी तो सुरू केला. कमलाताई बालविधवा. ज्या काळात विधवेने माजघरात बसायचं, त्या काळात त्या इथल्या डफरिन हॉस्पिटलात सुईणीचं आणि नर्सिंगचं शिक्षण घ्यायला गेल्या, आणि नंतर वेणूताईंना सोबत घेऊन लहानसं प्रसूतिगृह काढलं. दोन बायका, घराबाहेर, संघटना करून. मेसेजच्या व्याख्येत अगदी चपखल बसतात. त्यांच्या प्रसूतिगृहाच्या पुढे शाखा झाल्या, समाजकार्याचं कॉलेज झालं, कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. नागपुरातल्या किती घरांच्या जन्मदाखल्यांवर मातृसेवा संघाचं नाव आहे ते आपापल्या घरी बघा. काकांच्या दोन्ही मुली तिथेच झाल्या. हे त्यांना मी फोनवर सांगितलं तर म्हणाले, “ते वेगळं.” काय वेगळं, ते अजून सांगायचंय.

आणखी पाहिजे? जुलै १९४२, याच शहरातलं मोहन पार्क. दलित महिलांची अखिल भारतीय परिषद. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे, आणि हजारो बायका, आपापल्या गावांहून आलेल्या. २० जुलैला बाबासाहेब त्यांच्यापुढे बोलले. समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे त्यांचं प्रसिद्ध वाक्य त्या भाषणातलं. ते आपण दर वर्षी ८ मार्चला फॉरवर्ड करतो. त्याच भाषणात, त्याच्या जरा आधी, स्त्रियांच्या संघटनेवर आपला मोठा विश्वास आहे आणि त्यांना पटलं तर त्या समाजाची स्थिती सुधारू शकतात, असं ते म्हणाले होते. तो भाग मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. पुण्यात पंडिता रमाबाईंचा आर्य महिला समाज १८८२ चा, म्हणजे बीटा सिग्मा फायच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधीचा, पण पुण्यापर्यंत जायची गरजच नाही.

परदेशी पैशाचं दोन ओळींत. २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय भारतात कोणतीही संस्था परदेशातून देणगी घेऊ शकत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. नोंदणीसाठी मागच्या तीन वर्षांत किमान १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले दाखवावे लागतात. आईच्या मंडळाने एक व्हीलचेअर घ्यायला दोन संक्रांती वाट बघितली.

साखळी योजनेत नवा माणूस आणला की जुन्याला पैसे मिळतात, आणि तशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. मंडळात नवी सभासद आणली की मिळतो एक चहा. वर्गणी वर्षाला सहाशे, पावतीसकट. मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेलं आहे, हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. हां, भिशी ही वेगळी चीज आहे, तिच्यात लोक बुडतात, माझी चुलतसासू बुडाली. पण भिशी म्हणजे मंडळ नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याला हा फरक कळत नसेल तर त्याने घरातल्या कुठल्याही बाईला विचारावं.

‘फोटो गावाला’ हे मात्र नाइलाजाने मान्य. चार ब्लँकेटं आणि अकरा बायकांचा फोटो मीही पाहिलाय. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात सत्कार घेणाऱ्या जास्त आणि टाळ्या वाजवणाऱ्या कमी, असंही होतं. आईच्या मंडळात वर्षानुवर्षं त्याच तिघी अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार फिरत्या खुर्चीसारख्या होतात. आणि आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंना कोणी कधी ‘तुम्ही या गुरुवारी’ म्हटलेलं नाही, वर्गणी माफ करून तर नाहीच. इनर व्हीलसुद्धा फार काळ नवऱ्याच्या सभासदत्वावर बायकोला प्रवेश देणारा क्लब होता. यावर कोणी लेख लिहिला तर मी स्वतः फॉरवर्ड करीन. मेसेजवाल्याला त्यातलं काहीच सुचलं नाही, त्याला रक्त पाहिजे होतं.

पण सेवा नावाला? मागच्या वर्षी काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. बाजारात कमोडची खुर्ची किती महाग, पडून राहील, वगैरे चर्चा झाली आणि शेवटी ती कुठून आली? गच्चीवरच्या खोलीतून. वॉकरही तिथलाच. आई रिक्षात घालून घेऊन गेली होती. रजिस्टरमध्ये काकांची सही आहे, खुर्ची अडीच महिने ठेवल्याची. अनामत परत नेल्याचीसुद्धा.

घरं मोडतात या वाक्याला पुरावा एकही दिलेला नाही, ‘एका वकिलाच्या म्हणण्यानुसार’ एवढंच. वकील कोण, कुठला, काही नाही. मी त्यावर वेळ घालवत नाही, कारण खरा मजकूर त्याच्या पुढच्या ओळीत आहे. फोन तपासा. बाकीचं सगळं, रत्नं, चक्र, डॉलर, हे त्या ओळीपर्यंत पोचायची शिडी आहे. सदुसष्ट वर्षांची बाई. चाळीस वर्षं सगळ्यांचे डबे केले, सासूचं आजारपण काढलं, बाबांचं काढलं. हळदीकुंकवाला गेली तर चालतं, सत्संगाला चालतं, लग्नात तीन दिवस राबायला तर बोलावणंच येतं. चार ते सहा या वेळात ती स्वतः ठरवून कुठेतरी जाते आणि तिथे तिच्या हातात एक किल्ली आहे, एवढ्यावर फोन तपासायचा?

आणि कोणी खरंच तपासला. काकांनी नव्हे, माझ्या भावाने. वाईट हेतूने नाही, ‘बघतो फक्त’ म्हणून. आईने त्याला फोन दिला, काही बोलली नाही. पुढच्या गुरुवारी गुडघा दुखायला लागला. भावाशी माझं जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं लिहून मी काकांना पाठवलं, रजिस्टरच्या पानाच्या फोटोसकट. तासाभराने उत्तर आलं: ‘मला आलं तसं मी पुढे पाठवलं.’ मग पंधरा मिनिटांनी दुसरं, ‘वॉकरचं रबर झिजलं होतं, ते सांगायचं राहिलं.’

दुसरा मेसेज मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “तेव्हाच सांगायचं नं. नवीन बसवायला टाकलं असतं.” आणि समोरच्या काकूंना फोन लावला, किल्लीसाठी.