सासऱ्यांबरोबर गरम पाण्यात

अनोळखी माणसांसमोर कपडे उतरवणं तितकंसं अवघड नसतं. ती माणसं पुन्हा भेटणार नसतात, आणि जपानी असतील तर बघूनही न बघितल्यासारखं करण्याचा त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव असतो. अवघड असतं ते सासऱ्यांसमोर. ज्यांच्यापुढे मी आजवर बर्म्युडा घालून चहासुद्धा प्यायलेलो नाही, त्यांच्याबरोबर उत्तर जपानातल्या यामागाता प्रांतात, झाओच्या डोंगरात, उघड्यावरच्या कुंडात अंगावर सूतही न ठेवता बसायचं, हा बेत बायकोचा. तिचं काय जातंय? ती भिंतीपलीकडे, बायकांच्या कुंडात.

"वज्रेश्वरीला नाही का जात लोक?" ती म्हणाली.

जातात. पण वज्रेश्वरीला माणूस चड्डीवर कुंडात उतरतो आणि बाहेर येऊन ओल्या पंचाच्या आत कपडे बदलण्याची जी कसरत करतो, तिला खरं तर पद्म पुरस्कार द्यायला हवा. जपानच्या कुंडांत कापडालाच बंदी. हातभर लांबीचा एक रुमाल देतात, पण तो पाण्याला लागू द्यायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवायचा. झाकायला मिळालेलं एकमेव वस्त्र, तेही डोक्यावर.

सासरे अकोल्याचे, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. लाजबिज त्यांच्या अंदाजपत्रकात बसत नाही. त्यांना नियमांत रस. जपानात १९४८ सालापासून गरम झऱ्यांचा कायदा आहे. जमिनीतून निघताना पाणी किमान २५ अंश सेल्सिअस हवं, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी त्यात पुरेसा हवा. मग ते 'ऑनसेन'. मी हे त्यांना विमानात वाचून दाखवलं.

"फक्त पंचवीस?" ते ताठ बसले. "आपल्या अकोल्याच्या बोअरचं पाणी बाराही महिने सत्तावीसच्या खाली येत नाही. म्हणजे मी इतकी वर्षं ऑनसेननं संडास धुतो आहे!"

तारखा बायकोनं पानांवरून ठरवल्या होत्या. शरद ऋतूत लाल-पिवळ्या पानांची लाट होक्काइदोकडून दक्षिणेला आणि डोंगरमाथ्यावरून दरीत उतरत जाते. कुठे कधी पोचणार याचे नकाशे आधीच निघतात. आम्ही ऑक्टोबर सरताना गेलो, आणि कुंडाच्या आधी देऊळ असा क्रम सासूबाईंनी घालून दिला. सेंदाईहून निघणारी छोटी गाडी यामादेरा स्टेशनात थांबते, आणि फलाटावरूनच समोरच्या कड्यावर टांगलेली देवळं दिसतात. रिश्शाकु-जी हे मंदिर ८६० साली एन्निन नावाच्या भिक्षूनं स्थापन केलं. पायथ्याच्या मुख्य मंदिरात एक अखंड ज्योत आहे, ती क्योतोजवळच्या हिएई डोंगरावरच्या मठातून आणलेली. १५७१ मध्ये ओदा नोबुनागा या सरदारानं तो मठ जाळला. पुढे तो पुन्हा बांधला तेव्हा तिथली ज्योत इथून उलटी न्यावी लागली.

सासूबाईंनी ते ऐकून मान हलवली. "विरजण शेजारी देऊन ठेवावं ते याच्यासाठी."

वर जायला १०१५ पायऱ्या. एकेक पायरी चढावी तशी एकेक वासना गळते म्हणतात. निम्म्या वाटेवर माझी एकच उरली होती, ती म्हणजे बसण्याची. सासरे मात्र मोजत चढले. वरच्या लाकडी सज्जातून खालची दरी दिसते. गर्द हिरवे देवदार, त्यांच्यामध्ये पेटलेले मेपल, तळाशी खेळण्यातल्यासारखी आगगाडी. सगळे कॅमेरे काढत होते. सासरे म्हणाले, "सतरा कमी भरल्या. कंत्राटदारानं खाल्ल्या."

पायथ्याशी काडीला टोचलेले तपकिरी गोळे मिळतात. ते कोन्याकूचे. कोन्याकू म्हणजे सुरणाच्या जवळच्या नात्यातला कंद, म्हणजे उपासालासुद्धा चालेल, असं ठरवून सासूबाईंनी दोन काड्या संपवल्या. सोया सॉसच्या त्याच उकळत्या पातेल्यात चवीला सुकं माकूळ सोडलेलं होतं. ते बायकोनं पाहिलं, मी पाहिलं. दोघंही गप्प आहोत.

मुक्कामाच्या पारंपरिक धर्मशाळावजा हॉटेलात पायताणांची चार खाती होती: दारातली, ओसरीवरची, चटईवर काहीच नाही, आणि संडासातली वेगळी. ते सोडा. खोलीत युकाता, म्हणजे पुढून गुंडाळून पट्ट्यानं बांधायचे सुती झगे, ठेवले होते. सासऱ्यांनी उजवी बाजू वर घेऊन पट्टा आवळला आणि जिन्यात आले, तर मालकीणबाई पदराला आग लागल्यागत धावत आल्या. उजवी बाजू वर फक्त प्रेताची असते. भर जिन्यात त्यांनी पट्टा सोडून, डावी बाजू वर घेऊन सासऱ्यांना रीतसर जिवंत केलं.

मग त्यांची नजर सासूबाईंच्या कपाळाकडे गेली. तिथे लहानपणी गोंदलेले तीन ठिपके, मनगटावर तुळस. जपानात अंगभर गोंदण ही गुन्हेगारी टोळ्यांची खूण, म्हणून बऱ्याच कुंडांत गोंदलेल्यांना मज्जाव असतो. बाई पेचात पडल्या. गुन्हेगार म्हणावं, तर त्यांनी नुकताच सगळ्यांना मेथीचा खाकरा वाटलेला. शेवटी त्यांनी कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या आणल्या. "काहून वं, कोणत्या टोळीत होतीस?" असं सासऱ्यांनी विचारलं, आणि त्यावर जे उत्तर मिळालं त्यात त्यांच्या सगळ्या बहिणींची नावं होती.

कुंडात उतरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसून अंग घासून धुवावं लागतं. मी मुद्दाम टोकाचं स्टूल धरलं. सासरे शेजारी येऊन बसले. पलीकडे एक गावकरी आपल्या म्हाताऱ्या वडिलांची पाठ चोळत होता. तशी तिथली पद्धतच आहे. सासऱ्यांनी ते पाहिलं, प्रभावित झाले, आणि काही न बोलता माझ्याकडे पाठ केली. दिवाळसणाला जावयाला उटणं लावतात असं मी ऐकलं होतं. मी लावलं.

झाओचं पाणी कडक आम्ल आणि गंधकाचं. धातूच्या वस्तू काढून ठेवा, अशी पाटी होती. मी चष्मा ठेवला. सासऱ्यांनीही ठेवला, पण चांदीतली मोत्याची अंगठी ठेवायला नकार दिला, कारण ज्योतिषानं चंद्रासाठी दिली होती. आम्ही उतरलो. दुधाळ, निळसर पाणी, वर थंड हवा, आणि समोर ज्याच्यासाठी एवढा खर्च केला तो रंगलेला डोंगर. माझा नंबर उणे सहा. मला एक लाल ढग दिसला आणि त्याच्या अलीकडे एक गव्हाळ ढग. गव्हाळ ढग म्हणजे सासरे. त्या क्षणी मी माझ्या नेत्रदोषाचे मनापासून आभार मानले.

"काही दिसते का तुम्हाले, जावईबापू?" ढगानं विचारलं.

"काहीच नाही, बाबा."

"मलेही नाही. बरं आहे."

भिंतीपलीकडून मायलेकी पोट धरून हसत होत्या. आमच्या बाजूला शिस्त होती. अर्ध्या तासानं बाहेर आलो तर अंगठी काळी ठिक्कर. सासूबाईंनी चष्म्याजवळ धरून ती निरखली. "झाली तुमच्या चंद्राची अमावास्या."

पहाटे सासरे मला हलवून उठवतात, हेही लग्नानंतर पहिल्यांदाच. परत कुंडात जायचं होतं. आम्ही झोपेत, चष्मे खोलीतच ठेवून, कालच्या दाराशी गेलो. सासऱ्यांचा हात पडद्याला लागला एवढ्यात तो आतून बाजूला झाला आणि सासूबाई बाहेर आल्या, केस ओले, कपाळावरची पट्टी गायब.

"इकडं कुठं निघाले दोघं?" त्या म्हणाल्या. "रात्री अदलाबदल करतात इथं. आज हे बायकांचं. पडदा लाल दिसत नाही?"

"मंग तुझी पट्टी?"

"विरघळली. आतल्या दोन म्हाताऱ्यांना तुळस फार आवडली. नाश्त्याला त्यांना खाकरा द्यायचा आहे. तुम्ही पहिले चष्मे आणा."