‘फोटोपुरती दया’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि उत्तर मुद्दाम आज देतेय, कारण रात्रीच दिलं असतं तर माझी भाषा घसरली असती. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिव्यांग आणि इतर मुलांच्या एकत्र चॅरिटी वॉकवर मी जे लिहिलं त्यावर ह्यांचं म्हणणं असं की एक सकाळ सोबत चालून कुणी कुणाला सामावून घेत नाही, टी-शर्ट-स्टेजचा खर्च सरळ युवा उपक्रमांना द्यायचा होता, निधीचा हिशोब लेखात नाही, मार्गावरचा रॅम्प धोक्याचा होता, आणि शेवटी हे वाक्य: "ही सगळी फोटोपुरती दया, ही मुलं म्हणजे तुमच्यासाठी शोभेच्या वस्तू."

रॅम्पचं आधी. बरोबर आहे तुमचं. एक फूट उंची चढायला निदान बारा फूट लांबीचा उतार लागतो, तिथे जेमतेम चार-पाच फुटांची फळी होती आणि व्हीलचेअर दोघांनी मागून ढकलत चढवली. "मार्ग सगळ्यांना सोयीचा होता" हे मी लिहायला नको होतं, वाक्य काढलंय. झालं?

आता शोभेच्या वस्तू. हे टाइप करताना तुम्हाला काहीच वाटलं नाही का हो? माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. शाळेचा वार्षिक कार्यक्रम होता तेव्हा बाई आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, ह्याला आज घरीच ठेवा, गर्दीत घाबरेल. तो काही घाबरणार नव्हता, नवीन शर्ट घालून सकाळपासून दारात बसला होता. मी त्याच शाळेत सातवीत, मी गेले, नाचले, बक्षीस घेऊन आले आणि तो तोच शर्ट घालून तसाच झोपला होता. मुलांना लोकांच्या नजरेआड ठेवणं काय असतं हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

ह्या वॉकमध्ये त्याच्यासोबत कॉलेजचा एक मुलगा होता, युवा उपक्रमातला, आधी कधी भेटलेला नाही. अर्ध्या वाटेत भावाच्या बुटाची नाडी सुटली. त्याला गाठ मारता येते पण वेळ लागतो, घरी आम्हीच पटकन बांधून टाकतो कारण घाई आम्हाला असते. हा मुलगा वाकला नाही, हात पुढे केला नाही, नुसता थांबला. भाऊ खाली बसला, नाडीचा एक कान केला, तो निसटला, परत केला, लोक बाजूने पुढे जात राहिले, मागची रांग संपत आली. चांगली तीन-चार मिनिटं गेली असतील. मग दोघं उठले आणि चालायला लागले. त्या वेळेचा एकही फोटो नाही, कुणी काढलाच नाही. धावण्याची शर्यत असती तर हे होऊच शकलं नसतं, म्हणून तर वॉक ठेवतात. आता ते दोघं दर आठवड्याला भेटतात, माझ्याशिवाय, आणि भाऊ काय बोलणं झालं ते मला सांगत नाही, ह्याचा मला किती आनंद आहे ते तुम्हाला कसं सांगू.

पैसे सरळ द्या म्हणता. १९८० साली कॅनडात टेरी फॉक्स नावाचा २१ वर्षांचा मुलगा, कॅन्सरमुळे एक पाय गेलेला, कॅन्सर संशोधनासाठी पैसे जमवायला कृत्रिम पायावर धावत देश पार करायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, मग कॅन्सर फुप्फुसात पसरला म्हणून थांबावं लागलं. सुरुवातीला त्याची फारशी कुणी दखलही घेतली नव्हती, आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २.४ कोटी डॉलरच्या वर जमले, देशात माणशी एक डॉलर, त्याची इच्छा तेवढीच होती. घरी बसून मागितले असते तर दिले असते का कुणी? आणि खेळ, करमणूक, चार लोकांत मिसळणं हा दिव्यांगांचा हक्क आहे, संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारात कलम ३० त्यासाठीच आहे, त्यामुळे दया हा शब्दच इथे चुकीचा.

हिशोबाचं आयोजकांना विचारा, मी खजिनदार नाही. टी-शर्टवर मला काहीच बोलायचं नाही. आणि एका सकाळीने सगळं बदलतं असं मी कुठेही म्हटलेलं नाही, लेख नीट वाचला असता तर दिसलं असतं.

तुमची प्रतिक्रिया मी डिलीट करणार नाही. पण माझा भाऊ हा ब्लॉग वाचतो, मी अक्षरं मोठी करून देते, तो बोट ठेवून एकेक ओळ वाचतो आणि खालच्या प्रतिक्रियाही वाचतो. तेवढं शेवटचं वाक्य तुम्ही स्वतः काढा, बाकीचं सगळं राहू दे.