डोळ्याची धमनी बंद पडली, तर आधी स्कॅन?

सध्या एक मजकूर भराभर पुढे पाठवला जातोय. त्याचा आशय असा: डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) धमनी अचानक बंद पडून एका डोळ्याचे दिसेनासे झाले, तर आधी ओसीटी स्कॅन (प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणारी तपासणी) करा, नजर किती परत येणार ते मिनिटभरात कळते, चित्र बरे असेल तर काळजी नको, वाईट असेल तर धावपळ करून उपयोग नाही, शिवाय हा त्रास डोळ्यापुरताच असतो. मी रोज ओसीटीच्या मशीनवर काम करते. हे वाचून गप्प बसवेना.

‘स्कॅन नजर सांगतो.’ यात तथ्य आहे, ते आधी मान्य करते. पडद्याचे आतले थर याच धमनीच्या रक्तावर जगतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशींना मात्र मागच्या कोरॉइडमधून, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून, रक्त मिळते. धमनी तुंबली की आतले थर सुजतात. एरवी जिथे फिकट-गडद रेघा सुट्या सुट्या दिसतात, तिथे एकच जाड पांढुरका पट्टा दिसू लागतो. रेघा अजून ओळखू येत असतील तर नजर सुधारायची शक्यता जास्त, सगळ्या एकमेकींत मिसळल्या असतील तर कमी.

पण ही सूज चढायला वेळ लागतो, आणि त्या मजकुरात नेमके हेच नाही. धमनी पूर्ण बंद असलेला डोळासुद्धा पहिल्या एक-दोन तासांत ओसीटीवर जवळजवळ नेहमीसारखा दिसू शकतो. तोच डोळा काही तासांनी पाहिला तर पट्टा ठळक झालेला असतो, आणि काही आठवड्यांनी तेच थर झिजून पातळ होतात. म्हणजे जाडी बघताना धमनी बंद पडून किती वेळ झाला हेही विचारावे लागते. ‘चित्र बरे आहे’ म्हणून घरी बसलेल्या माणसाचे कदाचित फक्त घड्याळ लवकरचे असेल! माकडांवरच्या प्रयोगांत धमनी ९७ मिनिटे बंद राहिली तरी पडदा सावरला. २४० मिनिटांनंतर मात्र मोठी, कायमची हानी झाली.

‘रक्तप्रवाह दाखवणारा ओसीटी अँजिओग्राफीचा स्कॅन तर चुकूच शकत नाही.’ चुकतो. ज्या डोळ्याला दिसतच नाही, तो समोरच्या खुणेवर टिकत नाही. डोळा हलला की चित्रात आडव्या रेघा येतात आणि वाहिन्या तुटक दिसतात. प्रवाह फार मंद असेल तर मशीन तो टिपतही नाही. उलट धमनी नंतर मोकळी होऊन रक्त वाहू लागलेले दिसते, पण पेशी तोवर गेलेल्या असतात.

काहींच्या पडद्याच्या मध्यभागाला रक्त देणारी एक वेगळी छोटी धमनीही असते. ती चालू असेल तर मधली नजर वाचते, भोवतालचे मात्र दिसत नाही. अशा वेळी अक्षरांच्या तक्त्यावरचा आकडा चांगला येतो आणि माणूस चालताना कडेच्या गोष्टींना धडकतो.

‘त्रास डोळ्यापुरताच.’ हे सर्वांत घातक वाक्य. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये याला स्पष्ट शब्दांत पक्षाघाताचाच प्रकार म्हटले. गुठळी बहुतेकदा मानेतल्या रक्तवाहिनीतून किंवा हृदयातून आलेली असते, आणि पुढची मेंदूत जाऊ शकते. म्हणून दुखत नसले तरी सरळ पक्षाघाताचे उपचार होणाऱ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचे. पन्नाशी उलटलेल्या माणसाचे डोके दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल, तर रक्तवाहिनीचा दाह आहे का हे त्याच दिवशी तपासायला हवे; उशीर झाला तर दुसराही डोळा जाऊ शकतो.

‘वाईट असेल तर उपयोग नाही.’ गेलेली नजर हमखास परत आणणारा उपचार आज नाही, हे खरे. तरीही त्या डोळ्याची तपासणी पुढचे काही आठवडे चालूच ठेवावी लागते, कारण काहींच्या बुबुळावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, डोळ्यातला दाब चढतो, आणि न दुखणारा डोळा असह्य दुखू लागतो.