मेसेज पोचला म्हणून रोप लागत नाही

चाकरमान्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “ड्रॅगन फ्रूटची माहिती घरोघरी मोबाइलवर पोचली, तरी कोकणी माणूस लावत नाही, कारण तो आळशी. गावचा एक मोठा बागायतदार धरा, बाकीचे आपोआप मागून येतील.”

माहिती पोचली की पीक पसरतं? अमेरिकेतल्या आयोवात १९२८च्या सुमारास संकरित मका आला. तिथल्या २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास १९४३मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली खबर सर्वाधिक जणांना बियाणं विकणाऱ्यांकडून मिळाली, पण पेरायचं ठरलं ते शेजाऱ्यांमुळे. ऐकल्यापासून पेरेपर्यंत बहुतेकांची बरीच वर्षं गेली. माझ्या कातळावर वानरं काय शिल्लक ठेवतील, हे व्हिडिओतल्या सोलापूरच्या शेतकऱ्याला कसं ठाऊक असणार? शेजारच्या वाडीतल्याला ते ठाऊक असतं आणि तो खर्चाचा खरा आकडाही सांगतो.

‘आळशी’ हा शब्द मला फार लागला. १९९०मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली, तेव्हा याच माणसांनी वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या, जमिनीत खड्डे मारून वेंगुर्ला-४, पुढे वेंगुर्ला-७ काजूची कलमं जगवली. काजू घरचाच होता, खर्चाला अनुदान होतं. आज अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सातबाऱ्यावर दहा-बारा नावं, निम्मी भावकी मुंबईत. सामाईक जमिनीत ड्रॅगन फ्रूटचा वेल चढवायला सिमेंटचे खांब पुरायचे तर सगळ्यांचा होकार हवा. गणपतीत विषय निघतो, विसर्जनाबरोबर राहून जातो. मेसेज पुढे ढकलणारा दादाही याच जाळ्यातली एक गाठ आहे. कित्येकदा सही त्याचीच अडलेली असते.

राहिला मोठा बागायतदार. त्याच्याकडे पंप, गडी, कुंपण. पाच गुंठेवाला त्याच्याशी काय ताडून बघणार? आफ्रिकेतल्या मलावीत २०० गावांत मका खड्ड्यांत लावायची पद्धत शिकवली, तेव्हा दिसलं की ओळखीच्या एकानं केलं एवढ्यावर बहुतेक शेतकरी हलत नाहीत; निदान दोघं लागतात. घानात अननस नवा होता, तेव्हा ज्या ओळखीच्याला अपेक्षेपेक्षा जास्त नफा झाला, त्याच्या मापानं लोक खत घालू लागले. मका आणि कसावा (एक कंद) या जुन्या पिकांत असं शेजाऱ्याकडे बघणं दिसलं नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच: एकाच वाडीतल्या दोन लहान शेतकऱ्यांना दहा-दहा खांब लावू द्या, आणि त्यांची खर्चाची वही वाडीला बघू द्या. मुंबईच्या भावांनो, येत्या गणपतीत आरतीनंतर तासभर बसा आणि संमतीपत्रावर सही करूनच परतीची गाडी पकडा.