नळीला वारा लागू द्या

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. घरी पेयं आंबवणाऱ्यांनी आपलं सामान कसं आवरावं, याबद्दल. थोडक्यात असा: सगळं घासून धुवा, पुसा आणि झाकणं घट्ट लावा, कारण हवा गेली नाही तर बुरशी येत नाही. बादल्या एकात एक घाला आणि आतल्या पोकळीत नळ्या, बाटल्या भरा. सगळं मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत तांदळाची पुरचुंडी, आणि डबा माळ्यावर. स्टीलच्या टाकीत ब्लीचचं पाणी भरून ठेवा. मोजायची साधनं कोरडी करून एका पाकिटात घाला. शेवटी ठळक अक्षरांत, ‘वर्षभर बघायला नको.’

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. कोरड्या हवेच्या गावात यातलं बरंचसं चालूनही जाईल. पण हा मेसेज आता सावंतवाडी, मालवण, रत्नागिरी, अलिबागकडची मंडळी एकमेकांना पाठवताहेत, आणि या पट्ट्यात तो पाळला तर सामान हमखास खराब होईल. माझं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. मी आलं-गुळाचं फसफसतं पेय करतो, कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) लावतो, उन्हाळ्यात कोकमाचं आगळ असतंच. (मेसेजमध्ये बिअरचाही उल्लेख आहे, म्हणून सांगतो: परवान्याशिवाय दारू तयार करणं हा 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बादली, आतला गॅस सोडून बाहेरची हवा अडवणारा एअरलॉक, पेय उपसायची सायफनची नळी हे सामान मात्र दोन्हीकडे तेच लागतं.)

सगळ्यात घातक मुद्दा पहिलाच आहे: हवा बंद केली की बुरशी बंद. बुरशीला लागते ती ओल, आणि हवा अगदी थोडी पुरते. झाकण लावताना आपण आत काय कोंडतो ते बघा. कोकणात पाऊस वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैमधल्या दुपारी 28 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता ही काही विशेष गोष्ट नाही. ही हवा 26 अंशांच्या आसपास उतरली की पाणी सोडायला लागते. म्हणजे दुपारी कोरडी ठणठणीत पुसून बंद केलेली बादली रात्री आतून आपोआप दमट होते, आणि ती ओल जायला वाट नसते.

गेल्या वर्षी मी स्वतः हेच केलं होतं. जूनमध्ये पाऊस लागल्यावर सायफनची नळी धुतली, बाहेरून पुसली, वेटोळं करून डब्यात घातली, कड्या लावल्या. गणपतीच्या आधी डबा उघडला तर कुबट वासाचा भपकारा आला. नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली. वेटोळ्याच्या सगळ्यात खालच्या वळणात जेमतेम अर्धा चमचा पाणी अडकलेलं होतं. त्याच्या दोन्ही टोकांना नाचणीच्या दाण्याएवढे काळे ठिपके, एकापुढे एक, आणि पाणी हललं तशी त्यात लाळेसारखी एक तार हलली. काकी बाजूला उभी होती. तिने नळी हातात घेतली, हुंगली आणि म्हणाली, ‘हेका वारो खंय लागलो? भांड्याक वारो लागूक होयो रे.’ नळी फेकावी लागली. तिच्या शेजारचं रबरी बूच तीनदा उकळलं, तरी वास गेला नाही, तेही गेलं.

तेव्हापासून नळी धुतली की एक टोक मुठीत धरून खळ्यात गोफणीसारखी फिरवतो, आतलं पाणी सपासप उडून जातं. मग ती माजघरातल्या खुंटीवर अशी टाकतो की दोन्ही टोकं खाली लोंबतील, कुठेही पोट पडणार नाही. पावसाळ्यात एक रात्र पंख्याखाली. बादल्या आणि काचेच्या बरण्या उघड्याच राहतात, तोंडाला धुवट सुती फडकं आणि दोरी. झुरळ, पाल, मुंगी आत जात नाही, वारा जातो. चापाच्या झाकणाच्या बाटल्यांचे चापही सोडून ठेवतो, नाहीतर रबराची चकती महिनोन्‌महिने दाबली जाऊन चपटी होते आणि पुढच्या वेळी गॅस धरत नाही. तोटी असेल तर ती बादलीपासून सोडवून, जमेल तितकी सुटी करून वाळवायची. तोटीच्या पोटात जे साठतं ते बाहेरून कधीच दिसत नाही.

भांडी पालथी घालायची आपली सवय चांगली आहे, पण ती फरशीवर सपाट पालथी घातली तर झाकण लावल्यासारखंच झालं. खाली फटी असलेली लाकडी फळी हवी. माझी मांडणी आतल्या भिंतीला आहे. पश्चिमेच्या भिंतीवर झडी बसते, ती चार महिने ओल धरून असते. आतल्या भिंतीपासूनही चार बोटं अंतर ठेवलंय, आणि सगळ्यात खालची फळी जमिनीपासून वीतभर वर आहे.

बादल्या एकात एक घालायचा सल्ला जागा वाचवतो, हे खरं. पण प्लास्टिकच्या बादलीचा जीव तिच्या आतल्या गुळगुळीतपणात असतो. दुसरी बादली, काचेच्या बाटल्या, चाप आत घासले की बारीक ओरखडे पडतात, आणि त्या ओरखड्यांत जंतूंचा जो चिकट थर धरतो तो नंतर सॅनिटायझरलाही दाद देत नाही. काथ्याने किंवा तारेच्या घासणीनेही नेमकं हेच होतं, म्हणून मेसेजमधलं ‘घासून धुवा’ हेसुद्धा मला मान्य नाही. गरम पाणी, मऊ फडकं आणि थोडा धीर पुरतो. बादल्या एकात एक घालायच्याच असतील तर मध्ये जुन्या लुगड्याचा दुपदरी तुकडा घाला आणि आत दुसरं काही भरू नका.

माळ्याबद्दल एकच सांगतो. आपल्याकडे माळ्यावर डांबराच्या गोळ्या असतात. प्लास्टिक आणि सिलिकॉन वास पितात, आणि प्यालेला वास पुढच्या पेयात उतरतो.

तांदळाची पुरचुंडी तर सोडूनच द्या. तांदूळ फार थोडी ओल घेतो, आणि पावसाळ्यात त्यात पोरकिडे होतात. सिलिका जेल काम करतं, पण तेही स्वतःच्या वजनाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढंच पाणी धरतं. बुटाच्या खोक्यातली चिमूटभर पुडी मोठ्या डब्याला पुरणार नाही. वापरायचंच तर लहान, खरोखर घट्ट बसणाऱ्या डब्यात, आधीच पूर्ण वाळलेल्या वस्तूंसाठी वापरा, आणि रंग बदलला की तापवून पुन्हा कोरडं करा. निळ्या रंगाचं घेऊ नका. त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, खाण्यापिण्याच्या सामानाजवळ ते नको.

आता स्टील आणि ब्लीच. हा मुद्दा वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण स्टीलची टाकी ही घरातल्या या सामानातली सगळ्यात महागडी वस्तू, आणि लोकांनी ती पैसे साठवून घेतलेली असते. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. तो थर ओरखडला तरी हवेतल्या ऑक्सिजनवर पुन्हा धरतो. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यातलं क्लोराइड नेमका हा थर फोडतं, आणि एकदा फोडलं की त्या जागी गंज खोल उतरत जातो. थोडा वेळ लावून धुवून टाकलं तर निभावतं, पण आठवडेच्या आठवडे भरून ठेवणं म्हणजे टाकी हाताने खराब करणं. शिवाय आपल्या हवेतच मीठ आहे. समुद्राजवळच्या घरात नेहमीच्या 304 प्रकारच्या स्टीलवर नुसत्या हवेनेही चहाच्या डागासारखे तांबूस डाग येतात. 316 प्रकारात मॉलिब्डेनम असल्याने ते जास्त तग धरतं, पण घरगुती टाक्या सहसा 304 च्याच असतात.

मिठाचं काय होतं ते आमच्याच घरात दिसलं. मीठ लावलेल्या कोकमाचं आगळ एकदा दोन महिने स्टीलच्या टाकीत राहिलं. टाकी रिकामी केल्यावर जिथवर आगळ होतं त्या रेघेवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे होते, नखाला लागत होते. आगळासाठी काच किंवा चिनी मातीची बरणीच बरी. टाकीला सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन सोडणारी धुण्याची पावडर) कोमट पाण्यात घालून धुवा, गोड्या पाण्याने खळबळा, पुसा आणि झाकण तिरकं ठेवा. हे द्रावण बाटलीत भरून घट्ट बंद करू नका, त्यातून ऑक्सिजन सुटतो आणि बाटली फुगते. आणि ब्लीच लागलेल्या भांड्यात कोंबुचा किंवा व्हिनेगर कधीही ओतू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, बंद स्वयंपाकघरात तो छातीला लागतो.

मेसेजमधली एक गोष्ट मी उचलली: प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते लिहायचं. पावसाळ्यात कागदी चिठ्ठी सुटून येते, म्हणून मी तेलखडूने थेट डब्यावर लिहितो.

राहिली मोजायची साधनं. हायड्रोमीटर, म्हणजे पेयाची घनता मोजायची काचेची नळी, कोरडाच ठेवायचा, पण मऊ कापडात गुंडाळून त्याच्या नळकांड्यात उभा. पाकिटात चमच्यांबरोबर ठेवला तर काच तडकते, किंवा काच शाबूत राहून आतली कागदी पट्टी सरकते, आणि मग आकडे चुकताहेत हे कळतही नाही. पीएच मीटरला, म्हणजे आंबटपणा मोजायच्या यंत्राला, मात्र कोरडं करणं हीच शिक्षा आहे. त्याच्या टोकाचा काचेचा फुगा कायम ओला लागतो, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात. डिस्टिल्ड वॉटरही चालत नाही, ते आतले क्षार ओढून घेतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्याची टोपी उघडून बघतो आणि आतला स्पंज सुकत आला असेल तर चार थेंब घालतो. त्याच वेळी हायड्रोमीटर 20 अंशांच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडतो. रेघ 1.000 वर, म्हणजे शुद्ध पाण्याच्या आकड्यावर, आली की पुसून परत नळकांड्यात.